ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द मल्टीव्हर्स : इंदूरच्या एका जुन्या स्केलेटरकडून

आमच्या घरी दोनच बाहुले होते, एक ही-मॅन, म्हणजे कार्टूनमधला तलवारवाला हिरो, आणि एक स्केलेटर, त्याचा कवटीतोंड्या शत्रू, आणि दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा त्यामुळे ही-मॅन कोण होणार हा प्रश्नच नव्हता. रामबागेतल्या जुन्या घराच्या ओट्यावर मी कायम स्केलेटर. लिओ मॅटेल कंपनीचे होते ते, तेव्हा ही खेळणी इथेच बनायची, दूरदर्शनवर ही-मॅनचं कार्टून लागायचं आणि ते संपलं की लगेच ओट्यावर आमचं सुरू. दादा ही-मॅनची कंबर पिळून सोडायचा, आत स्प्रिंग होती, तो गर्रकन फिरून ठोसा मारायचा आणि माझा निळा माणूस ओट्यावरून थेट तुळशीपाशी. रोज. त्यामुळे ज्या दिवशी मला कळलं की एका कॉमिकमध्ये सगळ्या ही-मॅन लोकांना वाचवायला केल्डोरच लागतो, त्याच रात्री मी ऑर्डर टाकली.

केल्डोर म्हणजे स्केलेटर, पण कवटीचं तोंड व्हायच्या आधीचा. २००२ च्या कार्टूनमध्ये दाखवलंय बघा, तो ही-मॅनच्या बापावर, रँडोरवर, अॅसिड फेकतो आणि ते उलटून त्याच्याच चेहऱ्यावर येतं.

तर पुस्तक. डीसी कॉमिक्सची सहा अंकांची मालिका, २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली, लेखक टिम सीली, चित्रं मुख्यतः डॅन फ्रागाची, मी सगळे अंक एकत्र असलेलं पुस्तक घेतलं. गोष्ट अशी की इटर्निया, म्हणजे ही-मॅनचं जग, एक नाही, बऱ्याच आहेत, प्रत्येकीचा आपापला ही-मॅन आहे, आणि अँटी-ही-मॅन नावाचा एक जण एकेका जगात जाऊन तिथल्या ही-मॅनला मारतो आणि ग्रेस्कलची, म्हणजे ही-मॅनला बळ देणाऱ्या जादूच्या किल्ल्याची, ताकद काढून घेतो. जे थोडे वाचलेत ते एकत्र येतात आणि त्यांना कळतं की आपल्याच्याने हे होणार नाही, मग ते राजपुत्र केल्डोरकडे जातात. पुढचं सांगत नाही, वाचा.

ही आयडिया नुसती गर्दी जमवायला आणलेली नाही असं मला मनापासून वाटतं, कारण ही-मॅन खरोखरच कधी एक नव्हता. १९८२ साली मॅटेलने खेळणी काढली तेव्हा डब्यात जी छोटी कॉमिक्स यायची त्यात प्रिन्स अॅडम, म्हणजे जो राजपुत्र ही-मॅन होतो तो, नाहीच, तिथला ही-मॅन आपली टोळी सोडून निघालेला जंगलातला योद्धा आहे. अॅडम आला तो त्याच वर्षी डीसीच्या एका अंकात, तिथे ही-मॅनची गाठ चक्क सुपरमॅनशी पडते. मग १९८३ पासून फिल्मेशन कंपनीचं कार्टून, १३० भाग, आपल्या सगळ्यांच्या डोक्यातला गुलाबी जॅकेटवाला अॅडम आणि त्याचा घाबरट वाघ क्रिंजर तो हाच. १९८७ ला डॉल्फ लुंडग्रेनचा सिनेमा, १९९० च्या कार्टूनमध्ये ही-मॅनला उचलून प्रायमस नावाच्या भविष्यातल्या ग्रहावर नेलं, मग २००२. दर वेळी आधीचं थोडं ठेवलं, थोडं टाकून दिलं, आणि प्रत्येक पिढीला वाटतं आपलाच खरा. माझ्या मुलाने नेटफ्लिक्सवरचा २०२१ चा बघितलाय, त्याला माझा ही-मॅन दाखवला तर म्हणतो आई हा सारखा एकच ठोसा का मारतो. खरंय त्याचं, फिल्मेशनवाले पैसे वाचवायला तेच सीन परत परत वापरायचे. या पुस्तकाने कुणालाच खोटं ठरवलेलं नाही, ज्याला आपण हसतो तो १९९० वालासुद्धा इथे जिवावर उदार होऊन लढणाऱ्यांच्या बरोबरीचा आहे, आणि हे मला फार आवडलं.

पण जीव अडकला तो केल्डोरमध्येच. आपण पुढे काय होऊ शकतो हे ज्याला समोरच्यांच्या डोळ्यांत दिसतंय, ज्यांनी आपला द्वेष करायचा तेच मदत मागायला आलेत, आणि तरी उठून त्यांच्याबरोबर जायचं, हे वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून नुसती बसले होते. त्या बाहुल्यांच्या तलवारी आठवतात का कुणाला? ही-मॅनची करडी, स्केलेटरची जांभळी, दोन्ही एका बाजूने सपाट, एकमेकींवर दाबल्या की टक् करून बसायच्या आणि एकच तलवार व्हायची. मूळ गोष्टीत तसंच आहे, दोन अर्धे जुळले की ग्रेस्कलचं दार उघडतं. लहानपणी मला ती फक्त खेळण्याची गंमत वाटायची, आता वाटतं सगळी गोष्ट पहिल्यापासून त्या प्लास्टिकमध्येच होती.

खटकलं ते पण सांगते. सहा अंकात जगं फार कोंबलीत, एखाद्या ही-मॅनची ओळख होते न होते तोच तो गेलेला असतो, त्याचं वाईट वाटायलाही वेळ मिळत नाही, निदान दहा अंक हवे होते. मारामारीच्या पानांवर चार-पाच पिळदार सोनेरी केसवाले एकत्र आले की कोण कुठला हे बघायला मला पान परत मागे घ्यावं लागत होतं. आणि ज्यांनी जुनं काहीच बघितलेलं नाही त्यांना अर्धी मजा कळणार नाही, पुस्तक थांबून समजावत बसत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना सरळ हातात देऊ नका, ही-मॅनसारखा दिसणाराच ही-मॅनला मारतोय हे माझ्या मुलाला जड गेलं, शेजारी बसून वाचावं लागलं.

इंदूरवाल्यांसाठी, खजुरी बाजारात मी तीन दुकानं पालथी घातली, कुठे मिळालं नाही, ऑनलाइनच मागवावं लागेल. मला तेराशेच्या आसपास पडलं आणि विकणाऱ्याने पातळ प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाठवलं, मागचं पुठ्ठ्याचं कव्हर कोपऱ्यातून दुमडून आलं, तक्रार केली तर म्हणे पानं तर शाबूत आहेत ना. शक्य असेल तर खोक्यात पाठवणाराच बघून घ्या, दोन-तीन दिवस उशीर झाला तरी चालेल.

दादा आता भोपाळला असतो. त्याच्या ही-मॅनच्या पायातलं आतलं रबर कधीच तुटलंय, तेव्हा त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली होती, ती अजून टिकलीय म्हणाला. मी पुस्तकाचं सांगितलं तर पहिला प्रश्न, मग जिंकतं कोण? सांगितलं नाही. दिवाळीला येतोय, पुस्तक त्याच्यासाठी ठेवलंय, येताना करडी तलवार आण म्हटलंय, जांभळी माझ्याकडे आहे.