करोडपतीच्या तयारीसाठी खजुरी बाजारात काय घ्यावं, काय सोडावं

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत स्पर्धक कुठे गळतात हे नीट पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नोबेल विजेते, युद्धनौका, घटनादुरुस्त्यांचे आकडे धडाधड येतात आणि कर्कवृत्त महाराष्ट्रातून जातं की नाही यावर गाडी अडते. (जात नाही. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम ही ती आठ राज्यं.) ज्याने एवढं पाठ केलंय त्याला आळशी म्हणता येणार नाही. दोष तो ज्यातून पाठ करतो त्या पुस्तकात आहे. इंदूरमध्ये ही पुस्तकं मिळतात ती राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात, नाहीतर भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या गल्ल्यांत. तिथे या तयारीच्या नावाखाली जे विकलं जातं त्याची ही परीक्षा. प्रकाशकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली मजकूर बहुतेक तोच असतो.

आधी कार्यक्रमाचा हिशोब. ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाला. नंतर रकमा बदलल्या, लाइफलाइन बदलल्या, पण पाचव्या प्रश्नापाशी पहिला पडाव हा पाया बहुतेक हंगामांत राहिला. त्याआधी चुकलं की रिकाम्या हाताने घरी. म्हणजे सगळ्यात सोपे पाच प्रश्न सगळ्यात महागात पडणारे. आणि तिथवर पोचायच्या आधी ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’ असतं, त्यात चार गोष्टी क्रमाने लावायला सांगतात: उत्तरेकडून दक्षिणेकडे, जुन्यापासून नव्याकडे, लहानापासून मोठ्याकडे. या दोन ठिकाणी लागतं ते शाळेतलं ज्ञान, आणि तेही पटकन.

प्रेक्षकांचं मत घेऊ, अशी आशा असेल तर असल्याच कार्यक्रमातला फ्रान्समधला किस्सा ध्यानात ठेवावा. पृथ्वीभोवती काय फिरतं या प्रश्नाला तिथल्या निम्म्याहून जास्त प्रेक्षकांनी सूर्य निवडला आणि स्पर्धक त्यांच्यामागे गेला. तुर्कस्तानातल्या एका स्पर्धक बाईंनी चीनची भिंत कुठल्या देशात आहे यासाठी दोन लाइफलाइन वापरल्या होत्या. हा काही आपल्याकडचाच आजार नाही.

आता पुस्तकं. सगळ्यात जास्त खपतं ते जाडजूड गाईड, एका ओळीत प्रश्न आणि एका ओळीत उत्तर. दुकानदार विचारण्याआधीच ते काउंटरवर ठेवतो. घ्यायचंच असेल तर उभ्याउभ्या पाच मिनिटांत त्याची नाडी पाहता येते. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वर्षाकडे लक्ष देऊ नका, ते दरवर्षी बदलतं. आतला मजकूर बदलतोच असं नाही. आधी राज्यं मोजा: २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश हवेत. २९ आणि ७ दिसलं तर पुस्तक ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं. २८ आणि ९ दिसलं तर दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव २६ जानेवारी २०२० ला एक झाले हे लेखकाच्या गावी नाही. मग लोकसभेचं पान उघडा. ५४५ सदस्य लिहिले असतील तर अँग्लो-इंडियन समाजाच्या दोन नियुक्त जागा जानेवारी २०२० मध्ये संपल्या हे सुटलंय, हवेत ५४३. (नव्या संसद भवनातल्या लोकसभा सभागृहात ८८८ आसनं आहेत. ‘सदस्य किती’ या प्रश्नाला तोच आकडा पर्याय म्हणून ठेवायचा मोह प्रश्न काढणाऱ्याला होणारच.) मध्य प्रदेशचे जिल्हे ५५ हवेत, ५२ म्हणजे मऊगंज, मैहर आणि पांढुर्णा व्हायच्या आधीची आवृत्ती. अभिजात भाषा ११ हव्यात, कारण मराठीसह पाच भाषांना ऑक्टोबर २०२४ मध्ये तो दर्जा मिळाला. निदान मराठी घरात ६ लिहिलेलं पुस्तक येऊ नये! शेवटी कायद्याचं प्रकरण: खुनाला अजून ३०२ च असेल तर भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तिथे ते कलम १०३ आहे, हे पुस्तकात आलेलंच नाही.

या पाचांपैकी दोन जरी चुकले तरी पुस्तक खाली ठेवा. आणि ‘राष्ट्रीय खेळ : हॉकी’ हे वाक्य शोधा. असा कुठलाही खेळ सरकारने अधिकृतपणे जाहीर केलेला नाही, तरी गाईडांत ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाते. राष्ट्रभाषा हिंदी, ही तिची सख्खी बहीण. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये हिंदी ही संघाची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा म्हणून कुठल्याच भाषेचा उल्लेख नाही.

समजा, गाईड अगदी ताजं आणि बिनचूक निघालं. तरी पहिल्या पाच प्रश्नांना ते पुरत नाही, कारण त्यात प्रत्येक गोष्ट सुटी आहे. पानिपतची तिसरी लढाई १७६१, हे मराठी घरात लहान पोरालाही ठाऊक. प्लासी आधी की पानिपत? इथे भले भले थबकतात. प्लासी १७५७, पानिपत १७६१, बक्सार १७६४. सात वर्षांत तीन लढाया. गाईडमध्ये प्लासी आणि बक्सार इंग्रजांच्या प्रकरणात आणि पानिपत मराठ्यांच्या प्रकरणात असतं, मध्ये शंभर पानं. दोन्ही वाचणाऱ्याच्या डोक्यात ती शेजारी येतच नाहीत. क्रमाच्या प्रश्नात तो नेमका इथे सापडतो. अहिल्याबाईंचंही तसंच. जन्म १७२५, चौंडी, हे पाठ. पण राजधानी विचारली की इंदूरचाच माणूस छाती पुढे काढून ‘इंदूर’ म्हणतो. राजधानी महेश्वर होती.

दुसरी खोड पर्यायांची. ज्या गाईडांत चार पर्याय छापलेले असतात, त्यांतून उत्तर ओळखायची सवय लागते, आठवायची नाही. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीसमोर सिडनी, मेलबर्न, कॅनबेरा, पर्थ दिसले की कॅनबेरा सुचतं. नुसतं विचारलं तर तोंडातून सिडनी निघतं. यावर उपाय फुकटचा आहे. पर्यायांवर पोस्टकार्ड ठेवायचं, उत्तर मोठ्याने बोलायचं, मगच कार्ड उचलायचं. बोललेलं उत्तर पर्यायांत नसेल तर त्या प्रश्नाला खूण करायची. ज्ञानातलं भोक तिथे आहे.

आमची पहिली शिफारस शालेय ॲटलसची. तो दुकानात मागच्या कपाटात असतो, मागावा लागतो. घेताना लडाख वेगळा दाखवलाय का आणि तेलंगण आहे का ते बघा, मागे अक्षांश-रेखांशासह नावांची सूची आहे का ते बघा. सूची नसलेला ॲटलस म्हणजे चित्रांची वही. प्राकृतिक नकाशा राजकीय नकाशाइतकाच मोठा हवा. भारताचा नकाशा १ : १,००,००,००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणावर असेल तर उत्तम, म्हणजे १ सेंटिमीटरला १०० किलोमीटर, आणि इंदूर-भोपाळ पट्टीवर साधारण पावणेदोन सेंटिमीटर. छपाईत रंग रेषेबाहेर गेले असतील तर ती प्रत परत करा, कारण राज्याची सीमा आणि नदी अशा प्रतीत एकमेकींत मिसळतात आणि डोळ्याला चुकीचीच सवय लागते.

ॲटलस काय देतो ते आपल्याच शहरावर पाहता येतं. इंदूर ते कोलकाता पट्टी धरा: दोन्ही साडेबावीस अंशांच्या जरा वर, इंदूर किंचित उत्तरेला. कर्कवृत्त इंदूरच्या आणि भोपाळच्याही उत्तरेकडून, उज्जैन जिल्ह्यातल्या डोंगळ्याजवळून जातं. पश्चिमेकडून पूर्वेकडे इंदूर, दिल्ली, ग्वाल्हेर, नागपूर असा क्रम लागतो. ग्वाल्हेर दिल्लीच्या पूर्वेला आहे हे नकाशा न पाहता सांगणारे थोडे. आता नद्यांवर बोट फिरवा. शहरातून वाहणारी कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे राजवाड्यावर पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराकडे निघतो. नळाला येणारं पाणी मात्र जलूदहून वर चढवलेलं नर्मदेचं, आणि नर्मदा अरबी समुद्राला मिळते. मध्ये विंध्याची कड आहे, महूजवळच्या जानापावला, जिथून चंबळ निघते. हे एकदा बोटाने गिरवलं की ‘यांपैकी कोणती नदी पश्चिमवाहिनी’, ‘कोणती यमुनेची उपनदी’, ‘कोणत्या दोन नद्यांचा उगम अमरकंटकला’ असे प्रश्न वेगळे पाठ करावे लागत नाहीत. (शेवटच्याचं उत्तर नर्मदा आणि शोण, एक पश्चिमेला जाते, दुसरी ईशान्येला.)

दुसरी शिफारस एनसीईआरटीच्या सहावी ते दहावीच्या पुस्तकांची. स्वस्त आहेत, संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट उतरवूनही घेता येतात. छापील प्रत घेताना पान उजेडात धरा. अस्सल पुस्तकाच्या कागदात एनसीईआरटीचं जलचिन्ह दिसतं, नकली प्रतीत नसतं. जुनी पुस्तकं परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये, ढिगाने येतात. आणि इथे एक मेख आहे: काही बाबतीत जुनी आवृत्तीच घ्यावी. दहावीच्या विज्ञानातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचं प्रकरण आणि उत्क्रांतीचा भाग काढून टाकला आहे. आवर्तसारणी आता अकरावीच्या रसायनशास्त्रात भेटते. सोन्याची संज्ञा एयू, सोडियमची एनए, पाऱ्याची एचजी, हे प्रश्न काही कार्यक्रमातून गेलेले नाहीत. तेव्हा दहावीचं विज्ञान जुनं शोधा. सहावीचं सामाजिक शास्त्रांचं पुस्तक २०२४ पासून आणि सातवी-आठवीची २०२५ पासून नवी आली, त्यांत इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र एकत्र आहे. नकाशा कसा वाचायचा हे शिकायला नवं चांगलं; सनावळी सलग हवी असेल तर जुनं. नागरिकशास्त्र मात्र कुठल्याही आवृत्तीतून, पण एकही ओळ न गाळता. राष्ट्रपती कोण निवडतं यावर पदवीधर अडकतात: संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. नियुक्त सदस्यांना त्यात मत नाही, आणि विधान परिषदेलाही नाही.

वार्षिकीबद्दल थोडक्यात. ती वर्ष सुरू होण्याआधीच छापून बाजारात येते, त्यामुळे मुखपृष्ठावरच्या वर्षातलं तिच्यात काहीच नसतं. पुरस्कार आणि क्रीडा विभागापुरती ठीक. पहिल्या पाच प्रश्नांसाठी तिचा उपयोग शून्य. मोबाइलवरची क्विझ ॲप्स वेग वाढवायला बरी, पण तेच प्रश्न फिरवून फिरवून येतात आणि गुण वाढताना ज्ञान वाढल्याचा भास होतो. भंवरकुआँला मिळणाऱ्या झेरॉक्स नोट्स तर घेऊच नका. प्रतीची प्रत काढताना ३ चा ८ होतो आणि तो ८ तुम्ही पाठ करता.

पुण्याहून येणारी मराठी गाईडं भाषेला सोपी जातात, पण ती महाराष्ट्राच्या स्पर्धा परीक्षांसाठी लिहिलेली असतात. ३६ जिल्हे, तिथल्या धरणांची यादी, तिथले समाजसुधारक. इंदूरच्या सुदामानगर-राजेंद्रनगरकडच्या स्पर्धकाने हिंदी कार्यक्रमासाठी ती घेतली तर निम्मी मेहनत भलतीकडे जाते. मराठी कार्यक्रमासाठी प्रयत्न असेल तर मात्र तीच घ्यावीत, कारण इंदूरकर मराठी माणूस तिथे रत्नागिरी वर की सिंधुदुर्ग वर यावर घसरतो.

ज्याला कुठलंच पुस्तक पुरत नाही असाही एक भाग आहे, आणि सोप्या प्रश्नांत तो भरपूर येतो: महाभारताची १८ पर्वं, रामायणाची ७ कांडं, २७ नक्षत्रं, चैत्र ते फाल्गुन महिन्यांचा क्रम, एका ग्रोसमध्ये १४४ नग, एका हेक्टरात सुमारे अडीच एकर, रोमन आकड्यांत एल म्हणजे ५० आणि डी म्हणजे ५००. यासाठी भिंतीवरचं कालनिर्णय आणि घरातली आजी पुरे.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी ॲटलस, मग जुनी-नवी शालेय पुस्तकं, आणि पैसे उरले तर वरच्या पाच कसोट्यांना उतरलेलं एकच गाईड. रोज एक नकाशा, नावांवर कागद ठेवून, पंधरा मिनिटं. आठवड्यातून एकदा एक लांब पट्टी घेऊन त्या आठवड्यात वाचलेल्या सगळ्या सनावळ्या, इतिहास, विज्ञान, क्रिकेट, सिनेमा, सगळं एकाच रेघेवर टाकायचं. भारताची पहिली कसोटी, सी. के. नायडूंच्या कप्तानीखाली, १९३२; दांडीयात्रा त्याच्या दोन वर्षं आधी; लता मंगेशकरांचा इंदूरमधला जन्म त्याच्याही आधी, १९२९. दुकानदाराला ॲटलस मागितल्यावर तो ‘कितवीतल्या मुलासाठी?’ असं विचारेल. आठवी सांगा, योग्य जाडीचा मिळेल.