दुब्रोवनिक: जहाजाच्या सहा तासांत तटबंदी कशी साधायची

क्रोएशियातल्या दुब्रोवनिकचा थांबा बहुतेक क्रूझवर सहा-आठ तासांचाच असतो. तेवढ्यात जुनं गाव नीट बघून होतं, पण गावाभोवतीचा तट आधी आणि बाकी सगळं नंतर. आधी गल्ल्यांत रमलात तर भर बारा वाजता तटावर चढावं लागतं, आणि वर सावली जवळजवळ नाहीच.

मोठी जहाजं ग्रुझ बंदराला लागतात. तिथून जुन्या गावाचा पिले दरवाजा अडीच-तीन किलोमीटर. चालत जाण्यात मजा नाही, चढ आणि रहदारीच जास्त. १ए किंवा १बी बस पिलेपर्यंत नेते. तिकीट चालकाकडून घेण्यापेक्षा टपरीवर स्वस्त पडतं. जहाज नांगर टाकून छोट्या बोटींनी उतरवणार असेल तर नशीबवान समजा, कारण त्या बोटी थेट जुन्या बंदरात, तटाला लागूनच सोडतात.

तटाचं तिकीट महाग आहे: २०२५च्या हंगामात ४० युरो. एक दिवसाचा दुब्रोवनिक पासही साधारण तेवढ्यालाच मिळतो आणि त्यात तट, बस, रेक्टरचा राजवाडा वगैरे येतं. म्हणजे सुटं तिकीट काढण्यात अर्थ नाही. पास ऑनलाइन आधीच काढून ठेवा.

आता मुद्द्याची गोष्ट. तटावर फेरी एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट चालते आणि चढायला तीन जागा आहेत. जहाजांची झुंबड उडते ती पिलेच्या जिन्यावर. तिथून चढलं की आधी समुद्राकडची सपाट बाजू होते आणि मिंचेता बुरुजाचा खडा चढ शेवटी, उन्हात, पाय बोलायला लागल्यावर येतो. त्यापेक्षा स्त्रादून हा मुख्य रस्ता सरळ पार करा, टोकाच्या घंटाघराशी डावीकडे वळा आणि डॉमिनिकन मठाजवळच्या प्लोचे बाजूच्या जिन्याने चढा. दहा मिनिटं जास्त चालावं लागतं, पण मिंचेता पहिल्या टप्प्यातच उरकतो आणि नंतर उतारच उतार. स्त्रादूनची फरसबंदी मात्र झिजून गुळगुळीत झालीय, पावसात चपला हमखास घसरतात.

पूर्ण फेरी १,९४० मीटरची. फोटो काढत दीड ते दोन तास. सिंधुदुर्गाच्या फांजीवर, म्हणजे तटावरच्या वाटेवर, फिरलेल्यांना इथे एक साम्य लगेच जाणवेल: आतल्या बाजूला लोकांची नांदती घरं आहेत, दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात. जमिनीकडचा तट काही ठिकाणी सहा मीटर जाड, समुद्राकडचा त्याच्या निम्म्याहून कमी, कारण तोफांची खरी भीती डोंगराकडून होती. मिंचेतावरून कौलं निरखून बघा. भडक केशरी छपरं बहुतेक १९९१-९२च्या युद्धातल्या तोफमाऱ्यानंतर नव्याने शाकारलेली. मळकट, फिकट दिसतात ती जुनी. तिकीट शेवटपर्यंत हाताशी ठेवा, मध्येही तपासतात. गुडघे दुखरे असतील तर अर्ध्यातून उतरता येतं, पण फक्त ठरावीक जागीच.

खाली आल्यावर पिलेच्या आतल्या ओनोफ्रियोच्या कारंज्यावर बाटली भरून घ्या. पाणी पिण्याचं आहे, बाटलीबंदचे पैसे वाचतात. प्रियेको गल्लीतल्या हॉटेलांसमोर मेनू घेऊन बोलावणाऱ्यांकडे दुर्लक्ष केलेलं बरं. शाकाहारी असाल तर बेकरीतला चीजचा बुरेक, म्हणजे सारण भरलेला पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ, पोटभर होतो. मागताना ‘सिर’ म्हणा, ‘मेसो’ म्हणजे मांस.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक गोष्ट आधीच बघावी. क्रोएशिया २०२३पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, पण बऱ्याच जहाजांचा आणखी एक थांबा, मॉन्टेनेग्रोतलं कोतोर, शेंगेनबाहेर आहे. तिथून शेंगेनमध्ये परतणं म्हणजे नवा प्रवेश, तेव्हा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा.

परतताना पिलेच्या बसथांब्यावर सगळी जहाजं एकदमच जमतात. भरलेल्या एक-दोन बस सोडाव्या लागतात आणि त्याच गर्दीत टॅक्सीही अडकते. जहाजावर चढण्याच्या शेवटच्या वेळेआधी दीड तास तरी थांब्यावर असा, आणि ती वेळ जहाजाच्या घड्याळाची की गावातली, हे उतरतानाच विचारून घ्या.