गिट फिल्टर-रेपो: आठ महिन्यांनी मत बदललं

गिट (कोडचा प्रत्येक बदल इतिहासासह जपणारं टूल) रोज वापरणाऱ्यांसाठीच लिहितोय. सांगलीच्या गणपती पेठेतल्या ठोक दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हॅटचं मॉड्यूल होतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि त्या कोडला हात लावायचं कारणच उरलं नाही. तरी तो प्रत्येक बिल्डमध्ये येत राहिला. कोड काढायचा, इतिहास ठेवायचा, म्हणून फिल्टर-रेपो या गिटचा इतिहास गाळून नव्यानं लिहिणाऱ्या टूलनं ते फोल्डर वेगळ्या रेपोत (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या साठ्यात) नेलं.

पहिले दोन महिने पाचपैकी पाच तारे दिले असते. ताज्या क्लोनवर (रेपोच्या प्रतीवर) --पाथ देऊन चालवलं की काम झटपट होतं. ओरिजिन रिमोट (मूळ रेपोचा पत्ता) आपोआप निघतो, त्यामुळे चुकून मूळ रेपोवर पुश होत नाही, म्हणजे बदल तिकडे जात नाहीत. हॅश म्हणजे प्रत्येक कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) ओळख-क्रमांक, आणि इतिहास नव्यानं लिहिला की तो बदलतो. कमिट संदेशात जुने हॅश लिहिलेले असले तर तेही नव्या हॅशनं बदलून मिळतात.

खरी अडचण संदेशाबाहेरच्या हॅशची. तक्रारवहीत प्रत्येक दुरुस्तीपुढे हॅशची पहिली सात अक्षरं लिहिलेली असतात, आणि ती वही कुठलंच टूल सुधारत नाही. जुन्या बिलाची दुसरी प्रत काढताना हे बोचतं. 148 रुपयांच्या तीन ओळी, साडेबारा टक्के व्हॅट. जुना कोड ओळीगणिक कर पूर्ण रुपयात आणायचा: 18.50 चे 19, तिन्हींचे 57. नवा कोड बेरजेवर आणतो: 55.50 चे 56. एका रुपयाच्या या फरकाचं कारण जुन्या कमिटच्या संदेशात स्पष्ट लिहिलेलं आहे. वहीतला हॅश नव्या रेपोत टाकला तर असं रिव्हिजनच नाही म्हणून उत्तर येतं.

जुन्या-नव्या हॅशची जोडयादी फिल्टर-रेपो बनवतं, नाही असं नाही. पण ती .गिट/फिल्टर-रेपो/कमिट-मॅप या फाइलीत असते. ती पुश होत नाही, बंडलमध्ये (रेपो एका फाइलीत बांधलेल्या प्रतीत) जात नाही. काम झालं म्हणून तो क्लोन उडवला की यादीही गेली. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीवर तीन तारे कापावेत. फिल्टर-रेपो वापरायचंच असेल तर क्लोन उडवण्याआधी ही फाइल नव्या रेपोत कमिट करा. दुसरं, --पाथ फोल्डरचं नाव बदललेलं ओळखत नाही. जुनं नावही वेगळं द्यावं लागतं, नाहीतर नाव बदलण्याआधीचा इतिहास गुपचूप गळतो.

आता मी साधी रीतच सुचवेन. गिट टॅग -ए नं शेवटच्या चालू स्थितीवर टॅग (नावाची खूण) लावा. टॅगच्या संदेशात मॉड्यूल का काढलं आणि कोडचे कुठले कुठले भाग ते वापरत होते ते लिहा. मग गिट आरएम -आर नं फोल्डर काढा, आणि त्या कमिटमध्ये दुसरं काहीही नको. टॅग नावानिशी पुश करा, साध्या पुशमध्ये तो जात नाही. हॅश जिथल्या तिथे राहतात, वही खरी राहते.

काढलेल्या फोल्डरचा इतिहास बघताना गिट लॉग नंतर -- देऊन मगच पाथ लिहा. ते दोन डॅश विसरले की गिट पाथ ओळखतच नाही. एकच फाइल हवी असेल तर गिट शो टॅग:पाथ पुरे, काहीही परत आणावं लागत नाही.

कायमच्या प्रतीसाठी क्लोन --मिरर करून गिट बंडल क्रिएट, शेवटी --ऑल. --डेप्थ 1 चा क्लोन अजिबात घेऊ नका, त्यात इतिहासच नसतो. बंडल व्हेरिफायवर थांबू नका. दुसऱ्या मशीनवर त्या बंडलमधून क्लोन करा आणि गिट एफएससीके (साठा शाबूत आहे का ते तपासणारी आज्ञा) चालवा. एलएफएसच्या (मोठ्या फायली रेपोबाहेर ठेवायच्या सोयीच्या) मोठ्या फायली बंडलमध्ये येत नाहीत, फक्त त्यांचे पॉइंटर येतात. त्या गिट एलएफएस फेच --ऑल नं आणून वेगळ्या ठेवा. सबमॉड्यूलचंही (रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोचंही) तसंच, प्रत्येकाचं स्वतंत्र बंडल. सगळं दोन डिस्कवर ठेवलं की सर्व्हरचं महिन्याचं भाडं शून्य.