बीएससी आयटी, मुंबई युनिव्हर्सिटी: घ्यावी की नाही (5 पैकी साडेतीन)

आधीच सांगून टाकते, अ‍ॅडमिशनच्या वेळी "तीन वर्षात सॉफ्टवेअर डेव्हलपर" असं जे सांगतात ते फार मनावर घेऊ नका. ही डिग्री जास्त करून सपोर्ट (चालू सिस्टीम सांभाळायची), टेस्टिंग, नेटवर्क, सर्व्हर या बाजूची माणसं तयार करते. त्यात वाईट काही नाहीये, मी स्वतः तेच करते, बँकिंगच्या अ‍ॅप्लिकेशनच्या सपोर्टला आहे आणि आता टीमसाठी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू पण घेते, त्यामुळे माल घेताना आणि पारखताना असा दोन्हीकडून बघितलाय. फक्त काय घेतोय ते माहीत असावं.

घेणारे कोण असतात, तर बारावीला मॅथ्स असलेले आणि ओपनला 45 टक्के मिळालेले. सायन्सच हवं अशी अट नाही, कॉमर्सला मॅथ्स घेतलेली पोरंपोरी पण येतात, डिप्लोमावाले थेट एसवायला (दुसऱ्या वर्षाला) येऊन बसतात. म्हणजे एकाच बाकावर सीईटीला मनासारखं कॉलेज न मिळालेला, सीएचा विचार सोडलेली आणि आधीच तीन वर्षं सर्किट जोडून आलेला अशी तीन माणसं, आणि शिकवणाऱ्याने सगळ्यांना एकाच वेगाने सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची. कोर्स बहुतेक ठिकाणी सेल्फ फायनान्स (सरकारी अनुदान नसलेला), त्यामुळे साध्या बीएससीपेक्षा फी बरीच जास्त पण प्रायव्हेट इंजिनियरिंगपेक्षा बरीच कमी, आणि एक वर्ष वाचतं. घरची परिस्थिती बघून घेणाऱ्यांसाठी हा मोठा प्लस पॉइंट आहे, त्याला नावं ठेवू नये.

आता आत काय भरलंय. मी 2016 च्या सिलॅबसबद्दल बोलतेय, सध्या कामाला लागलेले बरेचसे त्याच सिलॅबसचे आहेत. एनईपीनंतर (नवीन शिक्षण धोरण) विषय इकडेतिकडे झालेत आणि ऑटोनॉमस कॉलेजं आपापलं ठरवतात, ते अ‍ॅडमिशनच्या आधी बघून घ्या. एफवायला (पहिल्या वर्षाला) सी, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, दुसऱ्या सेमला 8085 चा मायक्रोप्रोसेसर आणि ग्रीन कॉम्प्युटिंग (हा विषय रात्रभरात होतो, हे सगळ्यांना माहीत आहे). तिसऱ्या सेमला पायथन, डेटा स्ट्रक्चर्स, नेटवर्क, डीबीएमएस (डेटाबेस) असा खरा ऐवज, आणि त्याच सेमला अप्लाइड मॅथ्स, लाप्लास, बीटा गॅमा वगैरे, जिथे निम्म्या वर्गाला केटी लागायची, म्हणजे पेपर राहायचा. चौथ्याला जावा. टीवायला (तिसऱ्या वर्षाला) आयओटी, एआय किंवा लिनक्स, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर टेस्टिंगकडचा एक पेपर. नावं वाचली की वाटतं सगळं आलं की यात! पण थिअरीचा पेपर 75 चा, त्यात व्याख्या आणि फरक लिहून पास होता येतं, आणि प्रॅक्टिकलला जर्नलमधला प्रोग्रॅम पाठ करून टाइप केला तरी चालतं. डेटा स्ट्रक्चर्समध्ये चांगले मार्क असलेल्या पोरांना मी इंटरव्ह्यूला साधा प्रश्न विचारते, यादीतून डुप्लिकेट काढा, तर निम्मे गप्प बसतात. पोरं ढ नाहीत हो, ठराविक पंधरावीस प्रोग्रॅमच्या बाहेरचं काही स्वतः लिहायची वेळच त्यांच्यावर कोणी आणलेली नसते.

ब्लॅक बुकबद्दल तर काय बोलावं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, काळ्या बाइंडिंगमध्ये सोनेरी अक्षरं, आणि आत तेच हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर ऑनलाइन शॉपिंग. रेडीमेड विकत मिळतात हे कॉलेजला माहीत, बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला माहीत. तुम्ही मात्र विकत घेऊ नका, कारण फ्रेशरच्या सीव्हीमध्ये मला खरोखर विचारण्यासारखं तेवढंच एक असतं. एका मुलीने तिच्या वडिलांच्या दुकानाच्या उधारीचा हिशोब ठेवणारं छोटं अ‍ॅप केलं होतं, दिसायला अगदीच साधं, पण टेबल असंच का केलं, गिऱ्हाईकाने अर्धेच पैसे दिले तर नोंद कुठे होते, सगळं तिला तोंडावर येत होतं. घेतली तिला.

पण एक विषय, ज्याला सगळे हसायचे, तो म्हणजे सहाव्या सेमचा आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट. रटाळ म्हणून पोरं सायबर लॉ घ्यायची. तो विषय म्हणजे खरंतर आयटीआयएल (आयटी सेवा कशी चालवायची याची ठरलेली पद्धत), आणि सपोर्टची सगळी दुनिया त्याच भाषेत चालते. इन्सिडंट म्हणजे काय, प्रॉब्लेम म्हणजे काय, चेंज पास करून घेतल्याशिवाय सर्व्हरला हात का लावायचा नाही, एसएलए (काम किती वेळात करायचं याचा करार) चुकला की कोण कोणाला फोन करतं, हे पहिल्या दिवशी माहीत असलेला फ्रेशर सोन्यासारखा असतो. रात्री दोनला पेमेंटची फाइल अडकते तेव्हा लागतं काय, तर लॉग वाचता येणं, लिनक्सच्या चार कमांड, एक बरी एसक्यूएल क्वेरी आणि शांतपणे मेल लिहिणं. या कामासाठी बीएससी आयटी खरंच चांगली डिग्री आहे, मनापासून सांगते, आणि हे कॉलेजच्या ब्रोशरमध्ये कुठेही नसतं कारण "सपोर्ट इंजिनियर बना" म्हणून कोण अ‍ॅडमिशन घेणार.

पगार. इथे एक दीड स्टार गेला. मोठ्या कंपन्यांचा इंजिनियर फ्रेशरचा आकडाच वर्षानुवर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपास अडकलाय, टीसीएस निन्जाचा (त्यांच्या फ्रेशर भरतीचा) 3.36 लाख सगळ्यांना पाठ आहे, आणि बीएससीवाल्यांची रांग त्याच्याही खालची. विप्रोचा वर्क इंटिग्रेटेड प्रोग्रॅम आहे, कंपनीच्या खर्चाने एमटेक करून देतात, घरच्यांच्या खिशाला हात न लावता पुढची डिग्री मिळते ही चांगली गोष्ट, पण सही करायच्या आधी किती वर्षं बांधून घेतायत ते वाचा. बीएससी आयटी म्हणजे लोकलचा सेकंड क्लासचा पास आहे बघा, गाडी तीच, ऐरोलीला, आयटी कंपन्यांच्या दारात, पोचता पण त्याच वेळी, फक्त पहिली काही वर्षं उभ्याने जायचं. चारपाच वर्षांचा अनुभव झाला की डिग्री कुठली हे फारसं कोणी विचारत नाही, आमच्या टीममध्ये बीई आणि बीएससी एकाच पदावर आहेत. मात्र कमी आकड्यावरून सुरुवात झाली की पुढची वाढ पण त्याच आकड्यावर टक्क्यात मिळते, ती भरून काढायला कंपनी बदलावी लागते.

आणि काही दारं उघडतच नाहीत, ती अ‍ॅडमिशनच्या वेळी कोणी दाखवत नाही. आयबीपीएसची (बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था) आयटी ऑफिसरची पोस्ट घ्या, तिथे चार वर्षांची इंजिनियरिंग डिग्री किंवा कॉम्प्युटरमधली पीजी मागतात, नुसत्या बीएससी आयटीवर फॉर्म भरता येत नाही. क्लार्क, पीओ, एमपीएससी वगैरे कुठल्याही ग्रॅज्युएटला खुलं आहे, ते वेगळं. अमेरिकेला मास्टर्ससाठी बऱ्याच युनिव्हर्सिटी सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, आपलं होतं पंधरा. तिथल्या नोकरीच्या एच-1बी व्हिसाला पण तीन वर्षांची डिग्री तिथल्या बॅचलरच्या बरोबरीची धरत नाहीत, अनुभव जोडून दाखवावा लागतो. बाहेर जायचं डोक्यात असेल तर एनईपीचं चौथं ऑनर्सचं वर्ष तुमच्या कॉलेजमध्ये आहे का ते पहिल्या दिवशी विचारा.

पुढे एमएससी आयटी नाहीतर सीईटी देऊन एमसीए, तो आता दोनच वर्षांचा झालाय. एमसीए केलं की बऱ्याच कॅम्पसला बीईबरोबर बसता येतं. हिशोब केला तर पाच वर्षं लागली, बीईवाल्याला चार, पण डेव्हलपमेंटलाच जायचं असेल तर मी हाच रस्ता सांगेन.

एआयमुळे काय होणार, हा प्रश्न हल्ली प्रत्येक काका विचारतात. 2025 च्या जुलैत टीसीएसने सुमारे 12 हजार माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून तर जास्तच. त्या यादीत मुख्यतः मधल्या आणि वरच्या लेव्हलचे लोक होते, पण माझ्या डोळ्यासमोर जे होतंय ते खालच्या टोकाला होतंय, पासवर्ड रीसेट, ठरलेलं उत्तर पाठवायचं अशी एल-1 ची (सपोर्टच्या पहिल्या पायरीची) कामं बॉट करायला लागलेत आणि नेमकं तिथेच बीएससीवाले आत शिरायचे. त्यामुळे आता एल-2 चं (त्याच्या वरच्या पायरीचं) थोडं तरी येत असल्याशिवाय घ्यायला कोणी तयार नाही. टीवायच्या सुट्टीत एखाद्या क्लाउडचं बेसिक सर्टिफिकेशन करा, घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, बिघडवा, परत नीट करा.

आयटी घेऊ की सीएस (कॉम्प्युटर सायन्स), असं विचाराल तर एचआरच्या फॉर्ममध्ये दोन्ही एकाच ओळीत येतात, त्यावर घरात भांडू नका. बीसीएला 2024 पासून वेगळी सीईटी लागली, मग अर्ध्या कॉलेजांनी कोर्सची नावंच बदलली, तर नाव काय यापेक्षा मार्कशीटवर डिग्री काय छापून येते ते बघा. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्लेसमेंटच्या बोर्डासमोर फोटो काढण्यापेक्षा लॅबमध्ये जाऊन किती मशीन चालू आहेत ते मोजा, आणि टीवायच्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन विचारा की प्रॅक्टिकलला सर स्वतः कोड लिहून दाखवतात की पीडीएफ पाठवतात.