चार मिनिटांच्या व्हिडिओतलं इंग्रजी काउंटरवर किती चाललं

पंचवटीत रामकुंडाच्या अलीकडे आमचं छोटं लॉज आहे, १४ खोल्या, सकाळी काउंटरवर सासरे आणि दुपारनंतर मी. येणारे बहुतेक यात्रेकरू. गुजरात, एमपीचे असले की हिंदीत भागतं, पण तमिळनाडू, आंध्रकडची फॅमिली आली की हिंदी तिथेच संपते आणि मग इंग्रजी, आणि माझं इंग्रजी म्हणजे निफाड तालुक्यातल्या झेडपी शाळेतलं, पाचवीपासूनचं. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आम्ही पुढच्या वर्गात पोचलो होतो. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, तेव्हा काउंटरवर काय बोलणार या धास्तीनेच दिवाळीत ४९९ रुपये भरून ६० व्हिडिओंचा कोर्स घेतला. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पैशांवरून वाजलंय, ते खाली सांगते.

एक व्हिडिओ चार ते सहा मिनिटांचा. दुपारी दोन ते चार आमच्याकडे माशी फिरकत नाही, तेवढ्यात आरामात दोन होतात. ग्रामरवाल्या मॅडम मात्र एकदम भारी, मराठी माणूस नेमका कुठे पडतो ते त्यांना पक्कं माहितीये. म्हणजे बघा, आपण म्हणतो सकाळपासून गरम पाणी नाही, दोन तासांपासून गरम पाणी नाही, दोन्हीकडे पासूनच, म्हणून आपण बिनधास्त ‘सिन्स टू अवर्स’ ठोकतो. तर सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर सिन्स, म्हणजे सिन्स मॉर्निंग, आणि किती वेळ झाला ते सांगायचं असेल तर फॉर, म्हणजे फॉर टू अवर्स. शाळेत हे शिकवलंच असेल, पण ‘पासून’ला धरून कुणी समजावलं नव्हतं हो.

तसंच ‘पर्यंत’चं. दहापर्यंत थांबते आणि दहापर्यंत खोली सोडा, मराठीत एकच शब्द. इंग्रजीत दहा वाजेस्तोवर थांबायचं असेल तर टिल, आणि दहाच्या आत काम उरकायचं असेल तर बाय. हा १७ नंबरचा व्हिडिओ बघताना मला घाम फुटला कारण मी गेली आठ वर्षं शेकडो लोकांना ‘लीव्ह द रूम टिल टेन’ सांगत आलेय आणि बिचारे मान हलवून जात होते, त्यांना कळत होतं म्हणा मला काय म्हणायचंय ते.

उच्चाराचे व्हिडिओ पाचच आहेत पण त्यातला एक खास नाशिककरांसाठीच काढल्यासारखा. द्राक्षाचा वेल पण वाइन आणि द्राक्षाची दारू पण वाइन, आपल्या ‘व’त दोन्ही सारखेच. वेलाच्या वाइनला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, दारूच्या वाइनला दात लावायचेच नाहीत, नुसते ओठ गोल करायचे. मी आरशासमोर करत होते तर सासूबाई म्हणाल्या, दाढ दुखतीये का गं?

आता शब्दांचे व्हिडिओ. हे कुणीतरी दुसऱ्याने बनवलेत आणि सरळ पाट्या टाकल्यात. झेब्रा, पेंग्विन, फायरप्लेस. अहो आमच्या निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते, तिथेसुद्धा मी कुणाच्या घरात फायरप्लेस बघितली नाही, शेकोटी अंगणात असते. मला हवं होतं नळ गळतोय, उशीचा अभ्रा बदलून देते, डिपॉझिट परत मिळेल, पावती जपून ठेवा. ते २० व्हिडिओंत कुठेच नाही, शेवटी माझी मीच वहीत यादी केली, पोरीला विचारून. आणि खाली मराठी सबटायटल येतात ती मशीनची, बंदच करून टाका. आर्टिकल शिकवताना खाली येतं ‘आज आपण लेख शिकू’ आणि पास्ट टेन्सला ‘मागील तणाव’, हे वाचून मी इतकी हसले की वरच्या मजल्यावरचे गेस्ट खाली आले काय झालं बघायला.

प्रत्येक व्हिडिओनंतर क्विझ असते, चारातलं एक निवडायचं. मला सगळ्यात ९० च्या वर मार्क, आणि कोइमतूरचे एक आजोबा येऊन त्र्यंबकला कसं जायचं विचारायला लागले तेव्हा तोंडातून फक्त ‘बस... सीबीएस... थर्टी किलोमीटर’ (सीबीएस म्हणजे आमचं नाशिकचं मध्यवर्ती बसस्टँड). बोटाने टिक करणं आणि तोंडाने बोलणं यात लई फरक आहे. त्यावर मी उपाय काढला, व्हिडिओतलं वाक्य पॉज करून मोठ्याने आपल्या खोल्यांवर बसवायचं, द रूम इज ऑन द सेकंड फ्लोअर वगैरे, आमचा हेल्पर पोरगा गेस्ट बनतो आणि मुद्दाम भांडतो. त्याचं पण इंग्रजी सुधारलंय, फुकटात.

पैशांचं असं झालं की पहिला भाग आवडला म्हणून ७९९ चा स्पोकन भाग पण घेतला, ७ दिवसांत पैसे परत असं ठळक लिहिलेलं. त्यात पहिल्या भागातलेच व्हिडिओ नवीन नावं लावून टाकलेले, म्हणून तिसऱ्या दिवशी पैसे मागितले तर म्हणे तुम्ही पाचपेक्षा जास्त व्हिडिओ बघितलेत, आता कूपन देतो. जुने व्हिडिओ ओळखायला बघावे लागणारच ना! अजून कूपनच पडून आहे.

तर असला कोर्स घ्यायचा तर ग्रामर मराठीतून समजावणारी बाई किंवा माणूस आहे का ते फुकटच्या दोन-तीन व्हिडिओंत आधी बघा, शब्द पाठ करायला पैसे घालवू नका. माझ्याकडून पहिल्या भागाला साडेतीन स्टार, दुसऱ्याला अर्धा.

आणि हो, रिसेप्शनच्या पाटीवर पण टिलच लिहिलेलं होतं, रंगवलेलं. सासरे म्हणाले इतकी वर्षं चाललं की, पण मी पेंटरला बोलावून बाय करून घेतलं. दोन अक्षरांचे त्याने २०० रुपये घेतले, म्हणजे कोर्स मला ६९९ ला पडला, कूपन सोडून.