लंडन की जर्मनी?
अमेरिकन फुटबॉलचा कायमस्वरूपी व्यावसायिक संघ युरोपात वसवायचाच झाला, तर लंडन आणि जर्मनी हेच दोन पर्याय गांभीर्याने विचारात घेण्याजोगे आहेत. लंडनची बाजू सोयींची आहे: २००७ पासून तेथे एनएफएलचे (अमेरिकेतील या खेळाच्या प्रमुख व्यावसायिक लीगचे) साखळी सामने होत आले आहेत, टॉटनहॅमच्या मैदानात या खेळासाठी स्वतंत्र कृत्रिम हिरवळ आहे आणि न्यूयॉर्कशी वेळेचा फरक साधारण ५ तासांचाच आहे.

जर्मनीचे बळ मात्र प्रेक्षकांत आहे. एनएफएलच्याच जुन्या युरोपीय लीगमध्ये लंडनचा मोनार्क्स संघ १९९१ चे पहिले विजेतेपद मिळवूनही १९९८ नंतर टिकला नाही. उलट २००७ मध्ये ती लीग बंद पडली, तेव्हा तिच्या ६ संघांपैकी ५ जर्मन शहरांचे होते. वर्षातून दोन-तीन सामन्यांना गर्दी लोटणे आणि दर हंगामात घरच्या आठ-नऊ सामन्यांना तेच लोक परत येणे यांत फार अंतर आहे, म्हणून हा पुरावा मला उत्तम मैदानापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. प्रवासाची अडचण दोघांनाही आहे, कारण कॅलिफोर्नियाहून लंडन ८ तास पुढे, तर म्युनिक ९ तास. तेवढ्या एका तासासाठी जर्मनी नाकारणे मला पटत नाही.