एकाच दिवशी वाळवंट आणि समुद्र: हुरघाडा, दुबई की कतार?

सकाळी वाळवंटात चार चाकांची क्वाड बाइक, दुपारी समुद्रात स्नॉर्केलिंग (मास्क लावून पाण्याखाली बघत पोहणं), संध्याकाळी हॉटेलवर परत. सुट्टीचे दिवस मोजके असले की असा जोड-दौरा हमखास मोहात पाडतो. एक पिक-अप, एक पावती आणि दोन टोकांचे अनुभव. गेल्या काही वर्षांत आम्ही कुटुंबासह तीन ठिकाणी हा दिवस घालवला, कधी मुलांना घेऊन, एकदा सासूबाईंनाही घेऊन. माझं मत आधीच सांगते: हुरघाड्यात जोड-दौरा घ्या. दुबईत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करा. कतारला जाणार असाल तर जलक्रीडांचा विचार बाजूला ठेवून केवळ खोर अल अदैदची खाडी बघायला जा.

बहुतेक जण आधी दर पाहतात आणि मग "काय काय मिळणार" याची यादी वाचतात. यादी सगळीकडे साधारण सारखीच असते. दिवस चांगला जाणार की वाया, हे ठरतं वाळू आणि पाणी यांच्यातल्या अंतरावर. हे अंतर अर्ध्या तासाचं असेल तर दिवस तुमचा. दीड-दोन तासांचं असेल तर तो गाडीच्या सीटवरच सरतो.

हुरघाडा: वाळवंटामुळे नितळ राहिलेला समुद्र

इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या काठावर हुरघाडा वसलं आहे. गावाच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लगेच वाळवंट. हॉटेलातून निघालं की अर्ध्या-पाऊण तासात क्वाड बाइकच्या तळावर पोचतो. उलट दिशेला बंदरावरून बोट सुटते आणि तासाभरात गिफ्तून बेटांजवळच्या प्रवाळांवर नेते.

वाळवंट आणि समुद्र इथे नुसते शेजारी नाहीत. तांबड्या समुद्राला बारमाही वाहणारी एकही नदी मिळत नाही. पाऊस जवळजवळ नाहीच. त्यामुळे गाळ येत नाही, पाणी गढूळ होत नाही आणि प्रवाळांना हवा तेवढा सूर्यप्रकाश खालपर्यंत पोचतो. शिवाय वर्षाला सुमारे 2 मीटर पाणी वाफ होऊन उडून जातं, म्हणून खारटपणाही जास्त: लिटरमागे साधारण 40 ग्रॅम मीठ, जिथे महासागरांची सरासरी 35 च्या आसपास आहे. याचा फायदा पोहता न येणाऱ्यांना चटकन कळतो. अंग पाण्यावर जरा अधिक सहज तरंगतं. सकाळी ज्या कोरड्याठाक दगडी मैदानातून धुरळा उडवत गेलो, त्याच कोरडेपणामुळे दुपारी दहा-बारा मीटर खालचा मासा दिसतो. हे कळल्यावर त्या दिवसाचे दोन्ही भाग माझ्या मनात एकमेकांना जोडले गेले.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा. जाहिरातीत सोनेरी वाळूच्या टेकड्या दाखवतात, पण हुरघाड्याच्या मागचं पूर्वेकडचं वाळवंट तसं नाही. ते खडीचं, सपाट, आणि दूरवर तपकिरी-गुलाबी ग्रॅनाइटचे डोंगर असलेलं. मला ते फार आवडलं. संध्याकाळी त्या डोंगरांचा रंग दर पाच मिनिटांनी बदलतो. पण मऊ वाळूवरून घसरायचं, टेकडीच्या धारेवर बसून फोटो काढायचे, हे डोक्यात घेऊन गेलात तर हिरमोड होईल.

क्वाड बाइकबद्दल थोडं सविस्तर. रांगेत दहा-बारा गाड्या, पुढे वाटाड्या. पुढच्या गाडीची धूळ मागच्याच्या तोंडावर येते, त्यामुळे रांगेत दुसरी-तिसरी जागा मागून घ्या. तळावर डोक्याला बांधायचा रुमाल विकायला असतो आणि ते तो बांधूनही देतात: कपाळावरून घट्ट, नाकावरून एक वेढा, टोक मानेशी खोचलेलं. त्यावर गॉगल. तरीही परतताना दातांखाली वाळू करकरते. म्हणूनच हुरघाड्यात वाळवंट आधी आणि समुद्र नंतर हा क्रम मला पटतो. घाम, धूळ, वाळू सगळं पाण्यात उतरलं की निघून जातं. उलट केलं तर मिठाने चिकट झालेल्या अंगावर धुळीचा थर बसतो आणि मांड्या घासून लाल होतात.

या क्रमाची एक अडचण आहे. तिथे उत्तरेकडून वारा असतो आणि दिवस वर चढतो तसा तो बरेचदा वाढतो. म्हणजे दुपारची बोट सकाळच्या बोटीपेक्षा जास्त हेलकावे खाते. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी बोटीत चढण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. हिवाळ्यात पाण्याचं तापमान 21–22 अंशांपर्यंत उतरतं. पाण्यात ते सोसवतं, पण बाहेर आल्यावर ओल्या अंगाला वारा झोंबतो, त्यामुळे साधं विंडचीटर पिशवीत असू द्या. ऑगस्टमध्ये पाणी 29 अंशांच्या आसपास असतं, पण तेव्हा वाळवंटाचा भाग पहाटेच उरकायला हवा.

स्नॉर्केलिंगच्या मास्कची एक गोष्ट कोणी सांगत नाही. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी मास्क नीट चिकटत नाही आणि पाणी झिरपत राहतं. माझ्या नवऱ्याची पहिली वीस मिनिटं मास्क रिकामा करण्यातच गेली. बोटीवरच्या माणसाने मिशीला व्हॅसलीनचा जाड थर लावायला दिला आणि मग काम झालं.

बोट निवडताना मी एक प्रश्न नक्की विचारते: प्रवाळांवर नांगर टाकता की तरंगत्या बोयाला दोर बांधता? हुरघाड्यात 1992 साली स्थापन झालेल्या हेप्का या संस्थेने बोटी बांधण्यासाठी असे बोये बसवले, कारण रोज पडणाऱ्या नांगरांनी प्रवाळ तुटत होते. जो बोटवाला बोयाबद्दल अभिमानाने सांगतो, त्याच्या बोटीवर बाकीच्या गोष्टीही बहुधा नीट असतात. आणि तुम्हीही प्रवाळावर पाय टेकू नका. ते जिवंत असतात, शिवाय दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासा तिथेच पडून असतो.

पैशांचं एकच सांगते. मार्च 2024 मध्ये इजिप्तने पौंड बाजारावर सोडला आणि डॉलरचा भाव 31 पौंडांच्या आसपास होता तो 50 च्या घरात गेला. म्हणून इथले दर बहुधा डॉलर किंवा युरोत सांगतात. कोणत्या चलनात, आणि बेटाचं प्रवेश शुल्क धरून की वगळून, हे ठरवूनच होकार द्या.

दुबई: दोन्ही उत्तम, पण एकत्र नको

वाळूच्या बाबतीत दुबई हुरघाड्याच्या कितीतरी पुढे आहे. हत्ताच्या रस्त्यावर लहबाबच्या टेकड्या आहेत. वाळूतल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे त्या तांबूस दिसतात, आणि उन्हं उतरली की अक्षरशः पेटल्यासारख्या वाटतात. डांबरी रस्ता संपतो तिथे गाड्या थांबतात, चालक उकिडवा बसून प्रत्येक टायरची हवा सोडतो. बराच वेळ नुसता फुस्स आवाज. दाब रस्त्यावरच्या निम्म्यापेक्षाही खाली आणतात, मग टायर पसरट होतो आणि वाळूत रुतत नाही. त्यानंतर डून बॅशिंग, म्हणजे टेकड्यांवरून गाडी वेगाने चढवणं-उतरवणं: अर्धा तास पोटात गोळा आणणारा. मुलं किंचाळून किंचाळून खूश झाली. मी मात्र समोरची दांडी सोडली नाही.

समुद्राकडे जेट स्की, पॅरासेलिंग, फ्लायबोर्ड असं सगळं आहे आणि उंच इमारतींच्या पार्श्वभूमीवर ते झोकदार दिसतंही. पण पाण्याखाली बघण्यासारखं हुरघाड्याच्या तुलनेत फार थोडं. इथे मजा पाण्याच्या वर आहे.

अडचण आहे ती शहराची. किनारा एका टोकाला, टेकड्या दुसऱ्या टोकाला, मध्ये संपूर्ण दुबई. आम्ही एकदा जोड-दौरा घेतला. व्हॅनने सहा हॉटेलांतून माणसं गोळा केली, किनाऱ्यावर पोचेपर्यंत साडेअकरा वाजले, आणि तीस मिनिटांची ठरलेली जेट स्की "पुढे सफारीला उशीर होईल" म्हणून पंधरा मिनिटांवर आली. तक्रार केली तर चालक म्हणाला, वेळापत्रक त्याच्या हातात नाही. ते खरंही असेल, पण आमची पंधरा मिनिटं गेली ती गेलीच.

त्यामुळे माझा सल्ला: जेट स्की स्वतंत्र बुक करा, सकाळी आठच्या सुमाराची वेळ घ्या. तेव्हा पाणी शांत असतं आणि गर्दीही कमी. दहा-साडेदहाला हॉटेलवर परत या, आंघोळ, जेवण, झोप. सफारीची गाडी तशीही तीनच्या आसपास न्यायला येते आणि रात्री नऊपर्यंत सोडते. दिवस तोच, दोन्ही गोष्टी पदरात, आणि मध्ये चार तासांची विश्रांती. त्याहून चांगलं म्हणजे दोन वेगळे दिवस.

कतार: वाळू थेट समुद्रात उतरते ती जागा

दोहाच्या दक्षिणेला, सौदी अरेबियाच्या सीमेपाशी खोर अल अदैद आहे. अरबीत खोर म्हणजे खाडी. इथे समुद्र अरुंद वाटेने वाळवंटात खोल घुसला आहे आणि चहूबाजूंनी वाळूच्या टेकड्या थेट पाण्यात उतरतात. माथ्यावरून घसरत खाली आलात तर पाय ओले होतात. इथे वाळू आणि पाणी यांच्यातलं अंतर शून्य आहे. 2008 पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या प्राथमिक (संभाव्य) यादीत आहे.

तिथे रस्ता जात नाही. मेसाईदच्या पुढे सीलाइनपाशी टायरची हवा कमी करायची आणि मग टेकड्या ओलांडत जायचं, फोर-बाय-फोरने आणि वाकबगार चालकाबरोबरच. स्वतः भाड्याची गाडी घेऊन जाण्याचा विचारही करू नका. ओहोटी-भरतीनुसार वाटा बदलतात आणि कोरडी वाटणारी पांढरी खारवट जमीन खालून ओली असते, गाडी तिथे खचते.

पण जलक्रीडा म्हणाल तर पोहणं, फार तर कयाक किंवा पॅडलबोर्ड. हा संरक्षित भाग आहे, इथे गोंगाट शोभणारही नाही. जीवरक्षक नाही, दुकान नाही, सावलीला झाड नाही. त्या अरुंद वाटेकडे पाण्याला ओढही असते, म्हणून मुलांना टेकडीखालच्या उथळ पाण्यातच ठेवा. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. आम्ही गेलो तेव्हा पलीकडच्या काठावर एक गुलाबी रेघ दिसत होती, आणि ती हलली तेव्हा कळलं की पक्षी आहेत. सासूबाई त्या दिवशी पाण्यात उतरल्या नाहीत, चटईवर बसून तासभर नुसत्या बघत राहिल्या. परतल्यावरही ती सहल त्यांना सारखी आठवते.

तुमच्याबरोबर कोण आहे?

पाठदुखी, मानेचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर क्वाड बाइक आणि डून बॅशिंग दोन्ही पूर्णपणे टाळा. "चालकाला हळू चालवायला सांगू" यावर विसंबू नका, कारण हळू गेली तर गाडी टेकडीच चढत नाही. अशा माणसांसाठी हुरघाड्यात फक्त बोट घ्यावी. कतारलाही वाटेत हादरे बसतातच. आम्ही सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं आणि चालकाला उंच टेकड्या टाळून वळसा घालून न्यायला लावलं. तिथे ते शक्य असतं, पण आधी ठरवून घ्यावं लागतं.

दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर हुरघाडा. त्यांना स्वतः क्वाड चालवू देणाऱ्या ऑपरेटरपासून दूर राहा. वाटाड्याच्या मागे बसवतात तीच रीत बरी. तरुण मंडळींचा गट असेल, वेग हवा असेल, तर दुबई. दोघंच असाल आणि शांतता हवी असेल, तर कतार.

ऋतूचं उत्तर तिन्हीकडे जवळपास एकच: नोव्हेंबर ते मार्च. आखाताचा उन्हाळा किती कडक, याचा अंदाज एका नियमावरून येईल. अमिरातींमध्ये 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे, कतारमध्ये 1 जूनपासून सकाळी 10 ते दुपारी 3:30. जिथे सवयीच्या कामगारांनाही उन्हात उभं करत नाहीत, तिथे त्या वेळी लेकराला वाळूत नेऊ नये. हुरघाडा उन्हाळ्यात वाऱ्यामुळे थोडं सुसह्य असतं, पण थोडंच.

पैसे देण्याआधी ऑपरेटरला लहान मापाच्या लाइफ जॅकेटचा फोटो पाठवायला सांगा. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर ते कानापर्यंत वर सरकतं आणि मूल खालून निसटू शकतं. पिक-अप किती हॉटेलांतून आहे तेही विचारा. विमा असेल तर क्वाड बाइक आणि जलक्रीडा त्यात धरल्या आहेत का ते वाचा, बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत त्या वगळलेल्या असतात.

आणि हुरघाड्यात बोटीवर कोणी "स्कूबा करून बघा" (पाठीला हवेची टाकी बांधून खोल डुबकी, म्हणजे डाइव्ह) म्हणालं, तर परतीचं विमान कधी आहे ते आधी आठवा. एका साध्या डाइव्हनंतर निदान 12 तास आणि एकापेक्षा जास्त केल्या तर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. म्हणून हा दौरा सुट्टीच्या शेवटच्या दिवशी न ठेवता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर पुढे ढकलायला दिवसही हाताशी राहतो.